पट्ट्यावरचं बोट

कारखान्यात त्यांना सगळे केसभर म्हणत. नवा टर्नर एखादा दांडा कातून त्यांच्यापुढे ठेवायचा, आणि हे मापाला हात न लावता तो चिमटीत फिरवून म्हणायचे, "केसभर जास्त आहे." मग माप लावलं की तो खरोखरच तेवढाच जास्त निघायचा. पुढे डोक्यावर औषधालाही केस उरला नाही, पण नाव काही गळलं नाही. चौतीस वर्षं लेथवर काढून ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेबांनीसुद्धा त्यांना केसभर असंच म्हटलं, आणि यांचं खरं नाव काय हो, म्हणून मागच्या रांगेत दोघांनी एकमेकांना विचारलं.

निवृत्त माणसं फिरायला जातात, वर्तमानपत्रावरून भांडतात, डॉक्टर बदलतात. केसभरकाकांनी मागच्या खोलीत लेथ बसवला. टेबलावर मावेल एवढाच, हौशी लोकांचा असतो तसा. कारखान्यातल्या त्यांच्या मशीनचा नातू शोभला असता. मागे जुन्या धुलाई यंत्रातून काढलेली मोटर, तिच्यावरून मशीनच्या डाव्या टोकाच्या पुलीवर गेलेला गोल रबरी पट्टा, आणि त्या पट्ट्यावर झाकण म्हणाल तर काही नाही. बायको होती तोवर त्या मशीनला सवत म्हणायची आणि त्याच सवतीसाठी चहाचा कप खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आणून द्यायची, कारण आत चपलेला पितळेचा कीस लागे आणि तो मग अंथरुणात निघे. ती जाऊन चार वर्षं झाली होती. आता कीस घरभर झाला तरी बोलणारं कुणी नव्हतं, म्हणून काका रोज न चुकता झाडून काढत.

काम बारीकसारीक असायचं. कुणाच्या पंख्याचा बुश, म्हणजे दांड्याभोवती बसायची पितळी नळी, कुणाच्या कपाटाची मूठ, शिवणयंत्राची एखादी झिजलेली दांडी. दुकानात नवं मिळत असूनही माणसं काकांकडे येत, कारण काकांनी बसवलेला बुश पुन्हा आवाज करत नसे. काकांना ते पुरेसं होतं. सकाळी उठून अंगात शर्ट घालायला एक कारण लागतं, ते त्यांना होतं.

आणि मग दीड वर्षापूर्वी डोळे गेले. गेले म्हणजे एकदम अंधार झाला नाही. मधोमध एक डाग बसला आणि तो मोठा होत गेला. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं व्हायचं आणि ज्याच्याशी काही देणंघेणं नाही ते कडेला दिसत राहायचं. समोरच्या माणसाचं तोंड नाही, पण त्याच्या मागची दाराची चौकट दिसायची. काका एकटेच डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा झिजलाय, चष्म्याने भागणार नाही. काकांनी विचारलं, झिजला तर बदलता येत नाही का, आम्ही बुश बदलतो तसा. डॉक्टर हसले आणि नाही म्हणाले. तो कागद काकांनी हत्यारांच्या खणात, अगदी तळाशी, तेलकट फडक्याखाली ठेवून दिला.

लेकीला सांगितलं नाही. का नाही, तेही सांगायला हवं, नाहीतर म्हातारा उगाच हट्टी वाटायचा. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर डोळे गेल्यावर वर्षभर एकटेच राहत होते आणि एकदा गॅसवर दूध ठेवून विसरले. तेव्हा लेक काकांसमोरच म्हणाली होती की दिसत नाही अशा माणसाला एकटं ठेवणं हा गुन्हा आहे, मी असते तर त्याच दिवशी उचलून घरी नेलं असतं. ती बोलते तसं करते, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. तिचं घर चौथ्या मजल्यावर, खोल्या दोन, माणसं चार. जावई सोन्यासारखा, नाती आजोबांवर जीव टाकणाऱ्या. तिथे काकांना वेळेवर जेवण मिळालं असतं, माया मिळाली असती, औषधाची आठवण मिळाली असती. मशीन मात्र तिथे गेलं नसतं. आणि मशीन गेलं की आपणही गेलो, उरेल ते नुसतं खाणारं आणि झोपणारं काहीतरी, असं काकांना वाटत होतं. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं तर लोक समजूत घालतात.

न दिसता काम कसं करायचं, हे त्यांनी स्वतःचं स्वतः शिकून घेतलं. हँडलच्या चकतीवर कानशीने खाचा पाडल्या, त्या नखाने मोजायच्या. जुना नमुना एका हातात, नवा दुसऱ्या हातात, आणि मधे जाडी मोजायचा कॅलिपर. पण खरी नजर होती ती डाव्या हाताच्या मधल्या बोटात. उजव्या हाताने हत्यार पुढे घ्यायचं आणि डाव्या हाताच्या बोटाची पाठ फिरत्या पट्ट्यावर अलगद टेकवायची. हत्यार धातूला लागलं की पट्टा किंचित ताणला जायचा. काप खोल गेला की ताण वाढायचा. फारच गेला तर पट्टा पुलीवर घसरायचा आणि करकरायचा, म्हणजे थांब म्हणायचा. कारखान्यात असं बोट लावताना कुणी दिसलं असतं तर केसभरांनीच त्याला फैलावर घेतलं असतं. आता तेच बोट त्यांचा डोळा झालं होतं, आणि त्या डोळ्याने ते पूर्वीसारखंच केसभर ओळखत होते. याचा त्यांना गुपचूप अभिमानही होता. सांगणार कुणाला?

फक्त एका माणसाला ठाऊक होतं. त्यांच्याच कारखान्यातला फिटर, गुरुवारी चहाला यायचा. त्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, पोरीला सांगून टाक, आज ना उद्या तिला कळणारच. काका म्हणाले, उद्या कळू दे. त्यावर फिटरने हात टेकले.

लेक मोठ्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होती. यंत्रांवर झाकणं आहेत की नाहीत, माणसांचे हात कुठे जातात, हे बघणं तिचं काम. काका तिला चिडवायला इन्स्पेक्टरबाई म्हणत. एका रविवारी ती न सांगता आली, दार लोटलेलंच होतं, आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहून तिने बापाचं बोट फिरत्या पट्ट्यावर पाहिलं. ती ओरडली नाही. ओरडलं की माणूस दचकतो आणि हात आत जातो, हे तिला तिच्या नोकरीने शिकवलं होतं. तिने काका मशीन बंद करेपर्यंत वाट पाहिली आणि मग भिंतीला टेकून खाली बसली.

तिने ठरवलं ते तिथल्या तिथेच. मोटर बदलायची, पट्टा बदलायचा, आणि दोन्हींवर झाकण घालायचं. काकांनी कारणं सांगून पाहिली. मशीन जुनं आहे, सवय आहे, एवढ्याशा मशीनला कशाला एवढा थाट. एकेक कारण तिने हातोहात उडवून लावलं. खरं कारण एकच होतं आणि ते तोंडातून काढायची सोय नव्हती. ते काढलं असतं तर पट्टा राहिला असता बाजूला, मशीनच गेलं असतं. काका गप्प बसले. लेकीला वाटलं, बाबांना पटलं.

दोन रविवार ती राबली. मोटर तिने शिवणकामाच्या कारखान्यातल्या यंत्राची मिळवली; लहानशी, आवाज नाही, बटण फिरवलं की वेग कमीजास्त होतो, पट्टा या पुलीवरून त्या पुलीवर सरकवायची दगदग नाही. पट्टा दातेरी, घसरण्याचं नाव नको. मोटरीत कीस जाऊ नये म्हणून तिच्यावर वेगळं कवच. आणि पट्ट्यावर पत्र्याची पेटी, तिने स्वतः वाकवलेली, पिवळ्या रंगाची. पेटीचं दार बिजागरीवर, आतून एक छोटा स्विच. दार उघडलं की मोटर बंद. काकांनी पेटीच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. वाक अगदी काटकोनात होता, कडा कानशीने मारलेल्या, बोटाला कुठे टोचत नव्हतं. पोरीच्या हातात काम आहे, असं त्यांच्या मनात आलं आणि ऊर भरून आला.

"बघा, इथे लाल आकडे दिसतात. मिनिटाला किती फेरे ते," ती म्हणाली.

काकांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. त्यांना तिचा कान दिसला आणि खिडकीचा गज दिसला. "झकास," ते म्हणाले.

ती गेल्यावर काकांनी पितळेचा एक तुकडा चकमध्ये, मशीनच्या फिरत्या जबड्यात, धरला, मशीन सुरू केलं आणि डावा हात सवयीने उचलला. बोट थंड पत्र्यावर टेकलं. पत्रा काही बोलेना. मोटरीचा आवाज नाही, पट्ट्याचा नाही. चक फिरतोय की नाही हे त्याच्यासमोर तळहात धरून वाऱ्यावरून ओळखावं लागलं. त्यांनी खाचा मोजत हत्यार पुढे घेतलं. एक खाच, दोन खाचा, तिसरी. जुना पट्टा इथे घसरला असता. नवा घसरला नाही. हत्यार पितळेत रुतलं, टोक तुटून त्यांच्या कानावरून गेलं आणि मागच्या भिंतीवर आपटलं. काकांनी मशीन बंद केलं आणि स्टुलावर बसून राहिले. चौतीस वर्षांत त्यांना मशीनची भीती अशी कधी वाटली नव्हती. लेकीने त्यांना सुरक्षित करायला जे जे केलं होतं त्या सगळ्याने मिळून त्यांना आंधळं केलं होतं, आणि तिला हे सांगावं तर कुठल्या तोंडाने सांगावं?

आठ दिवस त्यांनी मशीनला हात लावला नाही. पंख्याचा बुश घेऊन आलेल्या शिंप्याला, सामान आलं नाही म्हणून परत पाठवलं. शिंपी दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा आला नाही.

मग त्यांनी तेच केलं जे कुठलाही जुना टर्नर करतो. पुठ्ठ्याची चार घड्यांची पाचर केली आणि ती त्या छोट्या स्विचमध्ये दाबून बसवली. दार उघडं असूनही स्विचला वाटू लागलं की बंद आहे. कारखान्यात अशा पाचरा काढून काढून त्यांनी कितीतरी पोरांना शिव्या घातल्या होत्या. आता पेटी उघडी, मोटर चालू. दातेरी पट्ट्याचे दात आतल्या अंगाला होते, पाठ गुळगुळीत होती. तिच्यावर बोट टेकलं. पहिल्यांदा काहीच कळेना. मग हळूहळू, शेजारच्या खोलीत कुणी बोलत असावं तसं, कळू लागलं. आठवडाभरात शिंप्याचा बुश झाला. काकांनी तो स्वतः नेऊन दिला आणि येताना उगाचच लांबचा रस्ता धरला.

लेक पुढच्या रविवारी आली ती ग्रीस घेऊन. पेटीचं दार उघडून तिने आत पाहिलं आणि ग्रीसचा डबा खाली ठेवला. काकांना काय झालं ते कळलं. ते पुठ्ठा काढायचा विसरले होते. खरं तर विसरलेही नव्हते. तिची येण्याची वेळ अकराची, आणि भिंतीवरचं घड्याळ आता त्यांना वाचता येत नव्हतं.

"बाबा, हाच पुठ्ठा," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "गेल्या महिन्यात आमच्याकडे एका बाईची तीन बोटं गेली. मशीन उघडलं तर आत असाच पुठ्ठा. बिस्किटाच्या खोक्याचा. मी तिच्या नवऱ्यासमोर उभी होते. आणि घरी माझा बाप तेच करतोय. का?"

काकांपुढे उत्तर होतं. जिभेच्या टोकावर होतं. त्याऐवजी ते म्हणाले, "सवय."

"सवय?"

"जुनी खोड आहे गं. जात नाही."

मग तिला रडू आलं. ती रडत रडत पुष्कळ बोलली. तुम्हाला माझ्या कामाची किंमत नाही, लहानपणापासून नव्हती, पोरगी काय शिकवणार मला असं वाटत असेल. काकांना यातलं काही वाटत नव्हतं. त्यांना तिचा केवढा अभिमान होता हे फिटर सांगू शकला असता, शिंपी सांगू शकला असता. पण ते ब्र काढू शकत नव्हते. आंधळा ठरण्यापेक्षा हेकट ठरलेलं बरं, म्हणून ते खाली मान घालून ऐकत राहिले. लेकीची मान खाली गेलेली त्यांना दिसत नव्हती. पण तिने नाक ओढलं तेव्हा ती पाच वर्षांची असताना ओढायची तसंच ओढलं, आणि ते ऐकून त्यांचा जीव तुटला.

शेवटी तिने डोळे पुसले आणि पिशवीतून ड्रिल काढलं. बिजागरी नकोच, म्हणाली. वेग बटणावर आहे, पेटी उघडायची गरजच नाही, आता सहा स्क्रू मारून कायमची बंद करते. पुठ्ठा आत तसाच होता. जायच्या आधी तो काढायचा, हे तिच्या डोक्यात होतं. तिने भोकं पाडली. काका शेजारी स्टुलावर बसले होते, डबीत स्क्रू धरून. खिडकीतून भर दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं. पहिला स्क्रू उचलताना तिच्या हातातून तो निसटला.

"तुमच्या पायाशीच आहे बाबा. द्या जरा."

काका वाकले. त्यांनी फरशीकडे पाहिलं तेव्हा फरशी तिथे नव्हती, नेहमीचा डाग होता. त्यांनी पडल्याच्या आवाजावरून अंदाज बांधला आणि तळहात फरशीवरून फिरवला. स्क्रू त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याजवळ उन्हात चमकत होता. त्यांचा हात डावीकडे गेला, मग पुढे गेला, मग स्टुलाच्या पायापर्यंत जाऊन परत आला. ते चाचपत राहिले. आपण फार वेळ चाचपतोय, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

लेक त्यांच्यासमोर फरशीवर येऊन बसली. तिने त्यांच्या तोंडासमोर हात हलवला असावा. त्यांना गालावर वारा जाणवला.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"दीड वर्ष."

काका उठले. त्यांनी पेटीचं दार उघडलं, चाचपून मशीन सुरू केलं आणि लेकीचा हात हातात घेतला. तिचं मधलं बोट वळवून त्याची पाठ त्यांनी फिरत्या पट्ट्यावर टेकवली. तिचा हात आक्रसला. या स्पर्शासाठी ती माणसांना नोकरीवरून घरी पाठवत असे. काकांनी तो सोडला नाही. दुसऱ्या हाताने हत्यार पितळेवर आणलं.

"आता," ते म्हणाले. मग एक खाच पुढे. "आता बघ, ताण भरला. आता हलका झाला. कळतंय?"

बराच वेळ तिने बोट काढलं नाही. तिला कळत होतं. इतक्या वर्षांत ती झाकणाच्या बाहेरूनच मशीन बघत आली होती, आणि आता तिला ते बापाच्या बोटाने दिसत होतं.

"कळतंय," ती म्हणाली. तिने स्वतःच मशीन बंद केलं. मग म्हणाली, "बाबा, हे असं उघडं टाकून मी घरी जाऊ शकत नाही. आणि तुम्हालाही इथे ठेवून जाऊ शकत नाही. मला येत नाही तसं करायला."

काकांना हे दीड वर्षापासून माहीत होतं. तिच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच केलं असतं, आणि वाईट त्याचंच वाटत होतं. कुणावर चिडायलाही जागा नव्हती. त्यांनी डबी पुढे केली. तिने फरशीवरचा स्क्रू उचलला, पुठ्ठा काढून खिशात टाकला, पेटीचं दार लावलं आणि एकेक स्क्रू आवळायला घेतला. काका आटे मोजत होते. शेवटच्या स्क्रूपाशी ती मधेच थांबली. काकांनी सहाही स्क्रूंच्या डोक्यांवरून बोट फिरवलं. पाच चपखल बसले होते. सहावा केसभर वर होता.

"अजून अर्धा आटा घे," ते म्हणाले. "मशीन ज्याच्या घरी जाईल त्याला खडखड नको."